सामरीचं मुंडकं एकीकडे, धड दुसरीकडे

आजच्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना जिथे अडखळलो ते लिहिताना सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय. भाग थोडा लांबलाय, तेव्हा चहा घेऊन बसा.

माझ्या मामाची इचलकरंजीत व्हिडिओ लायब्ररी होती. मी शाळेत जायला लागलो तोवर ती बंद पडली होती, पण कॅसेट्स मामाने टाकल्या नाहीत. माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंकांत भरून ठेवल्या. गेल्या दिवाळीत त्या खाली काढल्या. बऱ्याच कॅसेट्सना पांढरी बुरशी लागलेली. एक जुना व्हीसीआर मिळवला, कॅप्चर कार्ड लावलं आणि म्हटलं, बघू काय निघतंय. सगळ्यात वर होती ‘पुराना मंदिर’.

टेप चालली. म्हणजे चालली असं म्हणायचं. गाणी ठणठणीत, कारण ती लोक फॉरवर्ड करत असणार. जगदीपचा ‘शोले’च्या विडंबनाचा भाग चांगला, कारण तो लोकांनी एकदाच पाहिला असणार. पण सामरी पडद्यावर आला की चित्र फाटायचं. पांढऱ्या रेघा, थरथर, मध्येच निळा पडदा. आधी वाटलं बुरशी. मग लक्षात आलं, बुरशी अशी निवडून सामरीलाच कशी खाईल? व्हीएचएसवर पॉझ दाबलं की टेप थांबते, पण वाचणारं हेडचं ड्रम फिरतच राहतं, टेपच्या त्याच जागेवर घासत. लोकांनी नेमकं सामरीच्या तोंडावर पॉझ दाबलं होतं. रिवाइंड करून परत पाहिलं होतं. शेकडो वेळा. सगळ्यात जास्त जे पाहिलं गेलं, तेच आधी झिजलं.

मामाला फोन केला. तो म्हणाला, “अरे ती कॅसेट दिवसाला तीन घरं फिरायची. शेवटी मीच म्हणायचो, भूत आता दिसणार नाही, आवाज ऐका फक्त.”

हा भाग त्या झिजलेल्या सेकंदांबद्दल आहे. भयपट जपायचे कोणी, कसे, आणि आपल्याकडे ते का जमलं नाही, याबद्दल.

ज्यांनी ‘पुराना मंदिर’ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. दोनशे वर्षांपूर्वी सामरी नावाचा एक सैतान पकडला जातो. त्याला मारलं तरी तो पूर्ण मरणार नाही, म्हणून राजा त्याचं मुंडकं कापून हवेलीत एका पेटीत बंद करतो आणि धड देवळाच्या बाजूला पुरतो. दोन्ही वेगळी आहेत तोवर धोका नाही. मरताना सामरी शाप देतो, की राजघराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. मग आजच्या काळातली तरुण पोरं हवेलीत येतात आणि कोणीतरी ती पेटी उघडतंच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा चित्रपट 1984 चा. त्याच वर्षी अमेरिकेत एक वेगळी गोष्ट घडत होती. क्रायटेरियन नावाची कंपनी सुरू झाली आणि तिने लेझरडिस्कवर चित्रपट काढायला सुरुवात केली. लेझरडिस्क म्हणजे एलपी रेकॉर्डएवढी मोठी चकती, आपल्याकडे ती फारशी कोणी पाहिलेली नाही. पहिली डिस्क ‘सिटिझन केन’. आणि दुसरी? ‘किंग काँग’. 1933 चा, माकडाचा. त्या डिस्कवर त्यांनी एक प्रयोग केला. दुसऱ्या ऑडिओ ट्रॅकवर रोनाल्ड हेवर नावाचा चित्रपट-अभ्यासक चित्रपट चालू असताना बोलत होता. हा शॉट कसा घेतला, हे बाहुलं कसं हलवलं. आज ज्याला आपण कॉमेंटरी ट्रॅक म्हणतो त्याची सुरुवात ही.

मला ही गोष्ट फार आवडते. चांगलं प्रिंट, अभ्यासकाचं भाष्य, सोबत पुस्तिका, दणकट खोका, असं जे मानाचं प्रकाशन आपण आज म्हणतो, त्याच्या पायाशीच एक राक्षस बसलाय. ‘घरी बघायचा सिनेमाही गंभीरपणे जपायचा असतो’ हे ठरवताना त्या लोकांनी सत्यजित राय आणि बर्गमनची वाट पाहिली नाही. माकड चाललं.

आणि त्याच वर्षी इकडे सामरीची कॅसेट घासायला सुरुवात झाली.

आता अमेरिकेतली अजून एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या प्रश्नाशी तिचं नातं जवळचं आहे. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’, 1968. पिट्सबर्गमध्ये जाहिराती बनवणाऱ्या काही मित्रांनी पैसे गोळा करून केलेला कृष्णधवल चित्रपट. खर्च सुमारे 1,14,000 डॉलर. झॉम्बी आज जसा आपल्याला माहीत आहे, कबरीतून उठून झुंडीने येणारा, माणूस खाणारा, तो इथून सुरू झाला. कल्पना करा, एवढा प्रभाव पाडणारा चित्रपट, त्याच्या मालकांना किती पैसा मिळाला असेल?

फार नाही. कारण एका शीर्षकाची चूक. चित्रपटाचं आधीचं नाव वेगळं होतं. वितरकाने नाव बदललं, नवीन टायटल कार्ड बनवलं, आणि जुन्या कार्डावर असलेली कॉपीराइटची ओळ नव्या कार्डावर टाकायची राहून गेली. अमेरिकेत तेव्हाच्या कायद्यानुसार ती ओळ नसेल तर हक्कच नाही. चित्रपट रिलीज झाला त्या दिवशीच सार्वजनिक मालमत्ता झाला. आमच्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी प्रॉडक्शनवर डिप्लॉय करताना लायसन्सची फाइल विसरला, आणि ती परत टाकायची सोय नव्हती.

परिणाम दोन झाले आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. कोणीही प्रत काढून विकू शकत होतं, म्हणून चित्रपट सगळीकडे पोचला. टीव्हीवर, स्वस्त कॅसेटवर, नंतर डीव्हीडीवर. पण त्या प्रती प्रतीच्या प्रतीवरून काढलेल्या, करड्या, धूसर. 1986 मध्ये त्याला रंगसुद्धा फासले. दोन पिढ्यांनी हा चित्रपट वाईट प्रतीत पाहिला आणि समजल्या की तो असाच आहे, स्वस्त आणि गढूळ. तो तसा नव्हता. निगेटिव्ह धड होती. न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि फिल्म फाउंडेशन यांनी मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून त्याचं फोर-के पुनरुज्जीवन केलं, रोमेरो आणि त्याच्या साथीदारांच्या देखरेखीखाली. 2016 मध्ये ते दाखवलं गेलं. रोमेरो 2017 च्या जुलैत गेला. 2018 मध्ये क्रायटेरियनची डिस्क आली, त्यात आधीच्या नावाची वर्कप्रिंटसुद्धा आहे. म्हणजे रोमेरोने आपला चित्रपट स्वच्छ झालेला पाहिला, पण डिस्क पाहिली नाही. हे वाचलं तेव्हा मला जरा लागलं होतं.

मी ती आवृत्ती पाहिली आणि पहिल्या दहा मिनिटांत थांबवली. स्मशानातली गवताची पाती दिसत होती. सूर्यप्रकाश होता! मी आयुष्यभर समजत होतो की तो प्रसंग संध्याकाळच्या अंधारात आहे.

आता इकडे येऊ. रामसे.

हे कुटुंब मुळात सिंधी, आडनाव रामसिंघानी. कराचीत फतेहचंद रामसिंघानींचं रेडिओचं दुकान होतं आणि इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेवर त्यांचं ‘रामसे’ झालं. फाळणीनंतर मुंबईत आले, लॅमिंग्टन रोडवर दुकान टाकलं. (ज्यांनी कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवर रेझिस्टर आणि सेकंडहँड रॅम शोधत पायपीट केलीय, त्यांना हे ऐकून बरं वाटेल.) मग सिनेमात पैसे घालायला लागले. 1954 ला भगतसिंगांवरचा चित्रपट, 1963 ला ‘रुस्तम सोहराब’, 1970 ला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’.

शेवटच्या दोन्हींचा दिग्दर्शक कोण? विश्राम बेडेकर. होय, ‘रणांगण’वाले विश्राम बेडेकर. मराठी कादंबरीबद्दल बोलताना ज्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही ते बेडेकर, रामसे भयपटाच्या जन्माच्या वेळी त्याच खोलीत होते. मला हे कळलं तेव्हा मी दोनदा तपासलं.

‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर राक्षसाचा मुखवटा घालून संग्रहालयात चोरी करतो, पोलीस गोळ्या झाडतात, त्याला काही होत नाही. तुलसी आणि श्याम या भावांच्या लक्षात आलं की थिएटरात लोक तेवढ्याच प्रसंगाला जागे होतात. मग त्यांनी वडिलांना सांगितलं, पूर्ण चित्रपटच असा करू.

1972 ला ‘दो गज ज़मीन के नीचे’ आला. सगळं कुटुंब बसमध्ये भरून महाबळेश्वरला गेलं, गेस्ट हाऊसमध्ये राहिलं, तिथेच शूटिंग. कोणाची आई, कोणाची बायको स्वयंपाकाला. सात भाऊ, कामं वाटलेली: कुमार पटकथेला, किरण आवाजाला, गंगू कॅमेऱ्याला, अर्जुन एडिटिंगला, केशू निर्मिती आणि कॅमेऱ्याला, तुलसी-श्याम दिग्दर्शनाला. त्याआधी सगळे काश्मीरला जाऊन हाऊसबोटीत सिनेमॅटोग्राफीचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन बसले होते, जोसेफ मास्केलीचं. ना फिल्म इन्स्टिट्यूट, ना कोर्स. एक पुस्तक आणि सात भाऊ. युट्युबवर ट्युटोरियल बघून स्टार्टअप काढणाऱ्यांचे हे पूर्वज.

पुढची पंधरा-वीस वर्षं हा कारखाना चालला. महाबळेश्वरचं धुकं, मुरूडच्या नवाबाचा वाडा, कोकणातल्या वळणांचा रस्ता. म्हणजे हिंदी भयपटाची जी ‘पुरानी हवेली’ आहे ना, तिचा बराचसा भाग रायगड आणि सातारा जिल्ह्यांत आहे. आपल्या गावचाच भूगोल. ‘पुराना मंदिर’ 1984, ‘तहखाना’ 1986, ‘वीराना’ 1988, ‘पुरानी हवेली’ 1989, ‘बंद दरवाज़ा’ 1990. मग 1993 मध्ये झी टीव्हीवर हॉरर शो आला आणि भूत रात्री घरात यायला लागलं. बऱ्याच श्रोत्यांची रामसेंशी ओळख तीच असेल, गोधडीतून एक डोळा बाहेर.

सामरीचं काम केलं अनिरुद्ध अगरवाल यांनी. रूरकीचे सिव्हिल इंजिनिअर. माझ्या आईला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, “बघ, इंजिनिअरिंग करून लोक काय काय करतात, आणि तू पॉडकास्ट.”

बरं, आता मुद्द्यावर येतो. लोक विचारतात, हे चित्रपट तर युट्युबवर फुकट आहेत, मग डिस्क कशाला?

याचं उत्तर तांत्रिक आहे आणि ते मला द्यायला आवडतं, त्यामुळे दोन मिनिटं सहन करा. एका फुल एचडी फ्रेममध्ये वीस लाखांहून जास्त पिक्सेल असतात. सेकंदाला 24 फ्रेम. काहीही न दाबता हे साठवायचं तर सेकंदाला सुमारे 1,200 मेगाबिट लागतील. ब्लू-रे डिस्कवर चित्राला जास्तीत जास्त 40 मेगाबिट मिळतात. स्ट्रीमिंगला त्याचाही लहान हिस्सा. म्हणजे प्रचंड माहिती फेकून द्यावी लागते. काय फेकायचं हे कोडेक ठरवतो, आणि त्याचं तर्कशास्त्र साधं आहे: मागच्या फ्रेमसारखं जे आहे ते परत पाठवू नकोस, डोळ्याला न जाणवणारे बारीक फरक गाळ.

आता रामसेंच्या फ्रेममध्ये काय असतं बघा. धुकं, जे प्रत्येक फ्रेमला वेगळं सरकतं. काळोख, ज्यात काळ्याच्या वीस छटा असतात. फिल्मचा दाणा, जो प्रत्येक फ्रेमला नवा. कोडेकला या तिन्ही गोष्टींचा तिटकारा आहे. त्यामुळे धुक्याचे चौकोन होतात, काळोखाचे पट्टे पडतात, आणि दाणा पुसला गेल्यावर चेहरे मेणाचे दिसतात. कचेरीतल्या दोन माणसांचा संवाद युट्युबवर व्यवस्थित दिसतो. भूत दिसत नाही. दाबण्याच्या प्रक्रियेत पहिला बळी नेमका भयपटाचा जातो.

व्हीएचएसवर तर याहून वाईट. आडवी रेषा जेमतेम 240 ठिपक्यांची आणि रंगाची माहिती त्याच्याही कितीतरी कमी. लाल रंग सगळ्यात जास्त पसरतो. आणि गंगू रामसेचा कॅमेरा कशावर उभा होता? रंगीत दिव्यांवर. खिडकीतून निळा, तळघरातून हिरवा, सामरीच्या चेहऱ्यावर लाल. कोण कुठे आहे आणि काय येणार आहे हे तो प्रकाशाने सांगत होता. इटालियन मारिओ बाव्हाशी त्याची तुलना जाणकार करतात ती याचसाठी. आपण कॅसेटवर पाहिलं तेव्हा तो सगळा लाल चिखल होता. मग आपणच म्हणालो, भडक आहे, सी ग्रेड आहे. ‘लिव्हिंग डेड’च्या प्रेक्षकांसारखीच आपलीही गत झाली. प्रत वाईट होती, शिक्का चित्रपटावर बसला.

पण डिस्क काढायची तर आधी निगेटिव्ह हवी, आणि इथे सामरीची पेटी येते.

आपल्याकडे निर्माता शूटिंग संपल्यावर निगेटिव्ह सहसा लॅबमध्येच ठेवायचा. प्रिंट काढायच्या असतील तेव्हा लॅब काढून देणार. चित्रपटाचे हक्क दुसरीकडे: थिएटरचे एकाकडे, व्हिडिओचे दुसऱ्याकडे, सॅटेलाइटचे तिसऱ्याकडे, गाण्यांचे चौथ्याकडे. म्हणजे मुंडकं एका पेटीत आणि धड दुसरीकडे पुरलेलं. 2010 नंतर सगळं डिजिटल झालं, लॅबची कामं संपली, एकेक बंद झाली. ज्याच्याकडे हक्क होते त्याला निगेटिव्ह कुठे आहे ते माहीत नाही. ज्याच्या कपाटात निगेटिव्ह होती त्याला ती वापरायचा हक्क नाही. आणि दोघंही म्हातारे. तुलसी रामसे 2018 च्या डिसेंबरात गेले, श्याम 2019 च्या सप्टेंबरात, गंगू 2024 मध्ये. कुठल्या डब्यात कुठलं रीळ हे ज्यांना तोंडपाठ होतं ती माणसं जातायत.

आणि फिल्म वाट बघत नाही. त्या काळची रंगीत फिल्म ॲसिटेटच्या पट्टीवर असते. दमट आणि उष्ण हवेत ती पट्टी कुजायला लागते आणि त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगर. डबा उघडला की वासावरून कळतं. एकदा सुरू झालं की ते थांबत नाही, फक्त थंडीत हळू करता येतं. रंगही जातात, निळसर आधी, म्हणून जुनी प्रिंट गुलाबी दिसते. मुंबईच्या जुलै महिन्यात विनावातानुकूलित गोदामात ठेवलेल्या डब्याचं काय होत असेल ते सांगायला नको.

मग सरकारी संग्रहालय नाही का? आहे, आणि ते आपल्या पुण्यातच आहे. 1964 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, आणि पी. के. नायर यांनी गावोगाव, भंगारवाल्यांकडे, गोठ्यांत फिरून डबे गोळा केले. त्यांच्यामुळे फाळके आज आपल्याला दिसतात. आपले बहुतेक सगळे मूकपट गेले, ‘आलम आरा’ गेला, 2003 च्या जानेवारीत पुण्यातच आग लागून नायट्रेटवरची बरीच फिल्म गेली. उरलं ते नायरांसारख्यांच्या हट्टामुळे.

पण संग्रहालयात काय आपोआप येतं? राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या चित्रपटाची प्रत तिथे जमा करायची पद्धत आहे. रामसेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळणार होता का? भयपट पुरस्काराच्या रांगेत उभाच नव्हता, म्हणून जपणुकीच्या रांगेतही उभा राहिला नाही. अलीकडे ‘थम्प’, ‘इशानौ’, ‘मंथन’ यांची फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलेली पुनरुज्जीवनं कान महोत्सवात झळकली. त्यांचं मला कौतुकच आहे, ‘मंथन’ मी थिएटरात जाऊन पाहिला. तक्रार एवढीच, की या यादीत अजून एकही भूत नाही.

आणि सेन्सॉर. चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र हवं तर हा शॉट अर्धा करा, हा काढा. कापलेला भाग निर्मात्याला जमा करावा लागायचा. म्हणजे सामरीचे दोन तुकडे नाहीत, तीन आहेत. आणि तिसऱ्यात नेमकं तेच आहे ज्यासाठी माणसांनी तिकीट काढलं होतं.

असे तुकडे कधी परत मिळतात का? एकदा मिळाले. ब्रिटनच्या हॅमर कंपनीचा 1958 चा ‘ड्रॅक्युला’, ख्रिस्टोफर ली वाला. शेवटी सूर्यप्रकाशात ड्रॅक्युला विरघळतो तो प्रसंग ब्रिटिश सेन्सॉरने कापला होता. चाहते वर्षानुवर्षं म्हणायचे की जपानला गेलेल्या प्रिंटमध्ये तो पूर्ण होता, आणि लोक हसायचे. 2011 मध्ये टोकियोच्या सरकारी फिल्म संग्रहात शेवटची काही रिळं सापडली, जपानमध्ये राहणाऱ्या एका ब्रिटिश चाहत्याच्या चिकाटीमुळे. ड्रॅक्युला स्वतःच्या हातांनी चेहऱ्याची कातडी ओरबाडतो, ती काही सेकंदं परत आली. 2013 च्या ब्लू-रेमध्ये ती आहेत. पन्नासहून जास्त वर्षांनी. काही सेकंदांसाठी.

रामसेंच्या बाबतीत पेटी उघडली ती बाहेरच्यांनी. पीट टॉम्ब्स नावाचा ब्रिटिश लेखक, ज्याने 1997 मध्ये जगभरातल्या विचित्र सिनेमावर ‘मोंडो मकाब्रो’ हे पुस्तक लिहिलं, त्याने पुढे त्याच नावाने डिस्क काढायला सुरुवात केली. इंडोनेशिया, तुर्कस्तान, मेक्सिको, आणि आपले रामसे. 2006 च्या सुमाराला ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाज़ा’ची डीव्हीडी आली, मग ‘वीराना’, ‘पुरानी हवेली’, ‘तहखाना’, ‘महाकाल’. आणि 2023 मध्ये सहा चित्रपटांचा ब्लू-रे संच. इंग्रजी सबटायटल्स, सोबत माहितीची सामग्री, सगळं.

त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? 2007 मध्ये मोझर बेअरने चित्रपटांची डीव्हीडी 34 रुपयांना आणि व्हीसीडी 28 रुपयांना आणली. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला तो स्वर्ग वाटला. आजही मला त्या डिस्कबद्दल वाईट बोलवत नाही, आमच्या घरातला अर्धा सिनेमा त्यातून आला. पण 34 रुपयांत निगेटिव्ह शोधणं, स्कॅन करणं, रंग दुरुस्त करणं बसत नाही. स्वस्त म्हणजे सगळ्यांना मिळणारं, हे आपण जमवलं. टिकणारं जमवायचं राहिलं.

गंमत म्हणजे ब्लू-रेचे जगाचे तीन विभाग आहेत. अमेरिका ए मध्ये, युरोप बी मध्ये, भारत सी मध्ये. परदेशातल्या अनेक डिस्क त्यांच्या विभागाला कुलूप लावून येतात. म्हणजे महाबळेश्वरात शूट झालेला चित्रपट परदेशी डिस्कवर आला, तर तो साताऱ्यात विकत घेतलेल्या प्लेअरवर चालेलच असं नाही. डिस्क मागवण्याआधी एवढं तपासून घ्या. मी एकदा तपासलं नव्हतं. तो चित्रपट कुठला ते सांगत नाही, कस्टम ड्युटी भरून आणलेली ती डिस्क आता चहाच्या कपाखाली असते.

एक आक्षेप मला माहीत आहे, कारण माझ्या सह-निवेदकाने तो रेकॉर्डिंगच्या आधीच घेतला. “अरे, पण हे चित्रपट चांगले आहेत का?”

प्रामाणिकपणे? अर्धे अर्धे. विनोदाचे तुकडे असह्य आहेत. बाथरूमचे प्रसंग कशासाठी आहेत ते सगळ्यांना कळतं. ‘महाकाल’ तर ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ची उचलेगिरी आहे. बायकांना शिक्षा म्हणून भूत येतं, असा एक आंबट वास या सगळ्या चित्रपटांना आहे आणि तो धुऊन जाणार नाही, फोर-केमध्ये उलट जास्त दिसेल. दिसू दे. ‘पुराना मंदिर’चा शाप परत आठवा: घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरणार. 1984 च्या गावात बसून हे पाहणाऱ्या बाईसाठी ती परीकथा होती का? माझी आजी तो चित्रपट बघताना मधूनच उठून गेली होती, असं मामा सांगतो. कारण सामरी नव्हता. तिची बहीण तशीच गेली होती. भयपट त्या काळाच्या भीतीची नोंद ठेवतो, आणि ती नोंद पुरस्कारवाल्या चित्रपटांत त्याच भाषेत मिळत नाही. त्यासाठी चित्रपट थोर असायची गरज नाही. नीट दिसायची आहे.

मला कोणी पैसे आणि अधिकार दिले तर पहिला खोका कशाचा काढेन? रामसेंचा नाही, त्यांचा आता कोणीतरी काढलाय. मी ‘महल’ घेईन. 1949, बॉम्बे टॉकीज, मालाडचा स्टुडिओ, कमाल अमरोहींचं दिग्दर्शन. हिंदीतल्या भुताच्या हवेलीचा सगळा नकाशा तिथे आखला गेला: रिकामा वाडा, झोका, दिवा घेऊन जाणारी बाई, आणि दुरून येणारं गाणं. कॅमेरा जोसेफ विर्शिंगचा. हा म्युनिकचा जर्मन माणूस, हिमांशू रायसोबत इकडे आला आणि 1967 मध्ये मुंबईतच वारला. जर्मन मूकपटांत सावल्यांशी जे खेळ चालायचे ते त्याने मालाडला आणले. 2017 मध्ये गोव्याच्या सेरेंडिपिटी महोत्सवात त्याने काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं. त्या फोटोंचा काळा रंग आणि आज ‘महल’ म्हणून ऑनलाइन जे दिसतं त्याचा काळा रंग यांची तुलना करून बघा. एकात खोली आहे, दुसऱ्यात राख.

दुसरा खोका ‘हा खेळ सावल्यांचा’, 1976, वसंत जोगळेकरांचा. त्यातलं ‘गोमू संगतीनं’ कोणाला येत नाही? गाणं प्रत्येक गणपतीत वाजतं, हृदयनाथांचं संगीत चकचकीत आवाजात हवं तिथे मिळतं. आणि चित्रपट? आमच्या ग्रुपमध्ये विचारलं, तर गाणं 14 जणांना पाठ, अख्खा चित्रपट पाहिलेले दोन. परत तेच, गाण्यांचे हक्क एकीकडे, चित्रपट दुसरीकडे. गाणी वाचली कारण ती विकली जात होती.

मामाची ती कॅसेट मी डिजिटाइझ करून ठेवली आहे, सगळ्या रेघांसकट. माझ्याकडे आता ‘पुराना मंदिर’ची दोन रूपं आहेत. मला सामरीचा चेहरा स्वच्छ बघायचा असतो तेव्हा मी एक लावतो. इचलकरंजीत कोण कुठे घाबरलं ते बघायचं असतं तेव्हा दुसरं.

तुमच्यापैकी कोणाकडे, कोणाच्या काकांकडे, बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या खोलीत, लायब्ररीच्या माळ्यावर अशा कॅसेट्स, लॉबी कार्डं, फिल्मचे डबे असतील, तर भंगारात घालण्याआधी एक मेल टाका. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर तो लगेच बाकीच्यांपासून वेगळा ठेवा, खिडकीजवळ, आणि परत घट्ट बंद करू नका. बुरशी लागलेली कॅसेट चुकूनही प्लेअरमध्ये घालू नका, हेड खराब होतं. माझं झालं, दोन हजार गेले.

पुढच्या भागात ‘महल’ आणि विर्शिंग. भेटू.